निवळीच्या पुलाचे बोल्ट

"मॅडम, पेट्या आल्या. पण आत आपले बोल्ट नाहीत."

आमचे साइट इंजिनिअर अष्टेकर साहेब फोन करायचे तेव्हा ओरडूनच बोलायचे. मागे जनरेटर, ग्राइंडर, कुणाला तरी घातलेली शिवी, असं सगळं ऐकू यायचं. त्या शुक्रवारी मागे काहीच ऐकू येत नव्हतं, आणि त्यांचा आवाज इतका खाली होता की मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबला.

"नाहीत म्हणजे? कमी भरले?"

"बोल्ट आहेत. जाडी तीच, लांबीही तीच. पण डोक्यावरची छाप बघा म्हटलं, तर चार-सहा. आपल्याला दहा-नऊ पाहिजेत, जास्त ताकदीचे. हे साधे बोल्ट आहेत हो. शेड उभी करायला ठीक. पूल नाही धरायचे हे."

मी ऑर्डरची फाइल पुढ्यात ओढली.

ही सत्त्याण्णवच्या मे महिन्यातली गोष्ट. मी कराडच्या एका लहानशा कंपनीत खरेदी विभागात होते. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक फोन. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी तिथे लागले होते. कंपनी लोखंडी पूल, टाक्या, शेड उभारायची. कुठल्या साइटवर कुठल्या जातीचे नट, बोल्ट, वॉशर कधी लागणार ते बघायचं, मागवायचे आणि माल हातात पडेपर्यंत त्याच्या मागावर राहायचं, हे माझं काम. तुळया कधी येणार, क्रेन कधी येणार, याची चौकशी सगळेच करायचे. बोल्टची आठवण मात्र लोकांना ते नसले की व्हायची.

निवळी हे धरणाच्या पाण्यापलीकडचं गाव. जलाशयाची एक फाट डोंगरात शिरलेली, तिच्या पलीकडे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की लोक चिखल तुडवत चालत अलीकडे यायचे. पावसाळा सुरू झाला की होडी. आदल्या श्रावणात होडी कलंडली होती. माणसं वाचली, पण त्यानंतर शाळेतल्या निम्म्या पोरांना आईबापांनी दिवाळीपर्यंत घरीच ठेवलं. पूल मंजूर झाला तो त्यानंतर.

पुलाचे दोन अर्धे भाग होते. पहिला बसला होता. त्याचं एक टोक काठावरच्या खांबावर आणि दुसरं मधल्या तात्पुरत्या टेकूवर. दुसरा भाग सोमवारी क्रेनने उचलायचा आणि मधोमध दोन्हींचा जोड बोल्टने आवळून होईपर्यंत क्रेनने तो हवेत धरून ठेवायचा, असं ठरलं होतं. मंगळवारी क्रेन दुसऱ्या कामावर जाणार होती, आणि ती परत मिळायची तर पावसाळ्यानंतरच. तोवर टेकू पाण्याखाली गेला असता. म्हणजे बसलेला भागही उतरवून ठेवायचा आणि निवळीने आणखी एक पावसाळा होडीत काढायचा.

"लुधियानाच्या कारखान्याला फोन करू?" मी विचारलं.

"करा. पण ते महिनाभर सांगतील. तुम्हाला माहितीय."

मला माहीत होतं. तरी फोन केला. त्यांनी पाच आठवडे सांगितले. पुण्यातल्या दुकानदारांना केले. त्या लांबीचे दहा-नऊ तयार कुणाकडेच नव्हते. संध्याकाळी एसटीत बसल्यावर मला एकच गोष्ट कळत होती. आमच्याकडे कुणाचे तरी साधे बोल्ट आले असतील, तर आमचे त्याच्याकडे गेले असतील.

शनिवारी सकाळी मी ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेले. तिथल्या माणसाने आधी टाळाटाळ केली, मग डोकं खाजवलं. "बाई, त्या दिवशी तशाच लाकडी पेट्यांची आणखी एक खेप आली होती. उंब्रजच्या पलीकडं दूध थंड करायचं केंद्र बांधतायत बघा, तिकडच्या." पत्त्यांच्या चिठ्ठ्या एकमेकांच्या पेट्यांवर चिकटल्या होत्या.

मी तिथूनच रिक्षा केली.

शेड लांबूनच दिसली. उंच, रिकामी, उन्हात चमकणारी. फाटकातून आत गेले आणि पहिल्याच खांबाच्या जोडाकडे बघितलं. बोल्टच्या डोक्यावर ठसठशीत उठलेले आकडे होते, दहा-नऊ.

आमचे बोल्ट सापडले होते. पण ते पेटीत नव्हते, लागलेले होते.

तिथलं स्टोअर हमीद मुल्ला बघायचे. पन्नाशीचे, अंगात पांढरा सदरा, कानावर पेन्सिल. मी सगळं सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"या खुदा. आमी नुसतं माप बघितलं, ताई. भोकात बसलं, लावलं. छाप कोण बघतंय?" ते उठलेच. "पर तुम्ही काळजी करू नका. तुमच्याकडं आलेलं साधं बोल्ट आमचंच हाय, त्ये आणा. आमची पोरं चढवतो वर आणि उद्या दुपारपत्तर समदं काढून देतो. पुलाचं काम हाय. आमचं दूध काय, आठ दिस थांबंल."

असा माणूस भेटेल असं मला वाटलंच नव्हतं. मी भांडायच्या तयारीने गेले होते. पण तोंडातून आभार निघायच्या आधी मी विचारलं, "कसे आवळलेत हे?"

"चांगलं आवळल्यात की. लांब पाना, वर पाइप घालून दोघं दोघं लोंबकळल्यात."

"मग ते नाही चालणार," मी म्हटलं.

पुलाला लागतो तो बोल्ट आवळताना किंचित ताणला जातो. त्या ताणानेच तो दोन पत्रे एकमेकांवर दाबून धरतो. एकदा पुरता ताणलेला बोल्ट काढून दुसरीकडे लावला, तर तो पहिल्यासारखा धरेलच असं सांगता येत नाही. वरून बघितलं तर नव्यासारखाच दिसतो. म्हणून असा काढलेला बोल्ट पुलाला लावत नाहीत.

मुल्लांच्या खोलीतून मी साइटवर फोन लावला. अष्टेकर साहेबांना सगळं सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एकदाच आवळलेत ना?"

"हो. पण पुरते आवळलेत, सर."

"एकदा आवळलेले चालून जातात, मॅडम. बऱ्याच ठिकाणी चालवतात."

"आपण चालवतो?"

"मी इथं उभा आहे," ते म्हणाले. "निवळीची माणसं सकाळपासून समोरच्या उतारावर येऊन बसलीत. भाकऱ्या बांधून, दोन दिवस आधीच. सोमवारी पूल जुळताना बघायचाय त्यांना. त्यांना काय सांगू मी? बोल्ट मिळाले, पण लावत नाही?"

मी अष्टेकर साहेबांना वाईट माणूस समजले नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही. उतारावर बसलेली माणसं मला दिसत नव्हती. त्यांना दिसत होती.

"सर," मी म्हटलं, "मंगळवारी क्रेन सोडायची म्हणजे सगळेच बोल्ट लागतील का? नुसतं पुलाचं स्वतःचं वजन धरायला किती पुरतील? बाकीचे लुधियानाचे आल्यावर भरू. तोवर पुलावर कुणी चढायचं नाही."

पलीकडून कागद ओढल्याचा आवाज आला.

"अर्ध्या तासाने फोन करा."

त्या अर्ध्या तासात मी मुल्लांना घेऊन अख्खी शेड फिरले. पुढचे सगळे गाळे पक्के आवळलेले. पण मागच्या बाजूला गेलो तेव्हा तिथले खांब अजून ओळंब्यात आणायचे होते. वरच्या तुळया जागेवर होत्या, बोल्ट घातलेले होते, पण नट नुसते हाताने फिरवून ठेवलेले.

"ह्ये अजून पक्कं केलेलं न्हाईत का?" मी विचारलं. घाईत मीही त्यांच्यासारखीच बोलायला लागले होते.

"न्हाई. लाइनीत आलं की मंग आवळणार."

मी एका नटाला हात लावला. बोटांनी फिरला. मी तो पुन्हा फिरवून बघितला, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. मुल्ला माझ्याकडे बघून हसायला लागले.

अष्टेकर साहेबांचा हिशोब आला तो एकूण बोल्टच्या निम्म्याहून थोडा जास्त. मागच्या गाळ्यांत तेवढे बसत होते, जेमतेम. मुल्लांनी स्टोअरमधून एक न फोडलेलं पुडकंही शोधून काढलं.

एकच अडचण राहिली. ते काम रविवारी करायचं होतं, आणि रविवारी अकरा वाजता मला बघायला पाहुणे येणार होते.

आमचं घर इस्लामपूरला. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, नुकतेच निवृत्त झालेले. बघायला येणारा मुलगा सांगलीला बँकेत, घर स्वतःचं. हे स्थळ अण्णांनी स्वतः चार ठिकाणी शब्द टाकून आणलं होतं. शनिवारी संध्याकाळी मी आईला सांगायचा प्रयत्न केला, पण ती करंज्यांचं सारण भाजत होती आणि अण्णा चुना लावलेल्या भिंतीकडे पुन्हा पुन्हा बघत होते. मी एवढंच म्हटलं, "सकाळी थोडं काम आहे. अकराच्या आत येते."

रविवारी पहाटेच्या एसटीने मी गेले. साइटवरून जीप साधे बोल्ट घेऊन आली होती. काम सोपं होतं, पण घाई चालणार नव्हती. आमचा एक बोल्ट काढायचा, त्याच भोकात लगेच साधा घालायचा, मगच पुढचा. मी पिवळ्या रंगाचा डबा आणला होता. पुढच्या गाळ्यांतल्या आवळलेल्या बोल्टच्या डोक्यांवर टिपके दिले, म्हणजे त्यातला एकही चुकून आमच्या ढिगात येऊ नये. वरचे नट हातानेच फिरतात का, ते मी स्वतः परांचीवर चढून बघत होते. अर्धं काम झालं आणि मी घड्याळ बघितलं. अकरा वाजत आले होते.

"नले!"

खाली अण्णा उभे होते. इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध. फाट्यापासून चालत आल्यामुळे घामाघूम झालेले.

"खाली ये."

मी उतरले. ओढणी कमरेला बांधलेली, हात काळे, गालावर पिवळा रंग. मुल्ला आणि त्यांची माणसं कामात गुंतल्याचं दाखवत दूर सरकली.

"आईनं सांगितलं, काम आहे म्हणून गेली. मी ऑफिसात फोन केला, कुणी उचललाच नाही. मग कराडला शिपायाच्या घरी गेलो. त्यानं इथला पत्ता दिला." अण्णांचा आवाज चढला नव्हता. त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "पाहुणे एव्हाना घरी पोचले असतील. त्यांना काय सांगायचं? पोरगी तुळईवर चढलीय?"

"अण्णा, मी दुपारी येते. हे आज झालं नाही तर पुलाचं काम..."

"दुसरं कोणी नाही का कंपनीत?"

"आहेत. पण यातला कुठला बोल्ट चालतो आणि कुठला नाही, ते मी बघून घेतलंय. चुकून एक आवळलेला जरी यात मिसळला..."

मी एक आवळून काढलेला बोल्ट त्यांच्या हातात दिला. सकाळी नमुन्यासाठी एक काढला होता. दुसऱ्या हातात न आवळलेला. अण्णांनी दोन्ही उन्हात धरले. नट फिरवून बघितला. आवळलेल्यावर तो मध्येच अडला.

"इंजिनाच्या हेडचे बोल्ट असेच असतात," ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. "एकदा काढले की नवे घालायचे. आमच्याकडे जुनेच घालायचे काही जण. मग गाडी घाटात बंद पडायची, आणि लोक ड्रायव्हरला शिव्या द्यायचे."

त्यांनी दोन्ही बोल्ट माझ्या हातात परत दिले.

"पूल कुठला हा?"

"निवळीचा. पाण्यापलीकडं."

अण्णांनी मुल्लांकडे बघितलं. "भाई, फोन आहे का इथं?"

"हाय की. चला."

ते खोलीत गेले. मी उन्हात उभी राहिले. दार उघडं होतं, पण काँक्रीट मिक्सर सुरू झाला आणि एक शब्द ऐकू आला नाही. ते बाहेर आले तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या होत्या.

"रॉकेल आहे का? आट्यांत धूळ बसलीय. पुसून द्यायला पाहिजेत."

दुपारभर ते जमिनीवर पोतं टाकून बसले. आम्ही वरून बोल्ट काढून द्यायचो. अण्णा प्रत्येक बोल्टची छाप बघायचे, आटे पुसायचे, नट शेवटपर्यंत फिरवून बघायचे आणि त्याचा वॉशर त्याच्यासोबत बांधायचे. मध्ये मुल्लांनी घरून डबा मागवला. अण्णा बाहेरचं सहसा खात नसत. त्या दिवशी त्यांनी मटणाचा रस्सा दोनदा घेतला.

पाहुण्यांबद्दल मी विचारलं नाही. ते बोलले नाहीत.

सोमवारी अण्णा माझ्याबरोबर साइटवर आले. "पोती उतरवायला माणूस लागेल," असं त्यांनी आईला सांगितलं होतं. साइटवर माणसांची कमतरता नव्हती.

निवळीची माणसं खरोखरच उतारावर बसली होती. बायका, म्हातारे, कडेवर पोरं. क्रेनने दुसरा अर्धा भाग उचलला तेव्हा सगळी उभी राहिली. तो हवेत हळूहळू वळला. वारा सुटला होता, त्यामुळे तो एकदा हलला आणि उतारावरून एक मोठा हुंकार उठला. क्रेनवाल्याने तो तसाच धरून ठेवला. वारा पडल्यावर पुन्हा इंच इंच पुढे आणला.

दोन्ही टोकं समोरासमोर आली. फिटरांनी भोकांत टोकदार पिना ठोकून भोकं जुळवली. मग वरून आवाज आला, "बोल्ट!"

मी पोतं उघडलं. एकेक बोल्ट वर जायला लागला. खालच्या जोडाची एक रांग जुळत नव्हती. अष्टेकर साहेब स्वतः वर चढले. तासभर खटपट चालली, क्रेनचा दोर किंचित सैल, किंचित ताठ, पुन्हा सैल. एकदा त्यांनी खाली वाकून माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, संपलं. पण ते फक्त पाणी मागत होते.

ती रांग बसली. मग सगळे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या क्रमाने, आवळत नेले. पुन्हा एकदा पहिल्यापासून. साहेबांनी प्रत्येकावर खडूने खूण केली. शेवटी त्यांनी क्रेनवाल्याला हात केला.

दोर सैल झाला आणि आकडा सुटला. पूल जागच्या जागी राहिला.

उतारावर कुणीच ओरडलं नाही. सगळे नुसते बघत होते. मग एका म्हातारीने पदर डोळ्यांना लावला आणि एकदम सगळा गलका सुरू झाला. साहेब खाली आले. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मी गोंधळून अण्णांकडे बघितलं. ते रिकामी पोती झटकून घड्या घालत होते.

सांगलीचे पाहुणे परत आले नाहीत. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. फोनवर अण्णा काय बोलले होते ते आईने मला कितीतरी वर्षांनी, माझ्या लग्नानंतर सांगितलं. आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून पाहुण्यांना शेजाऱ्यांच्या फोनवर बोलावलं होतं. अण्णांनी आधी त्यांची माफी मागितली, जेवून जायचा आग्रह केला आणि मग म्हणाले, "मुलगी कामावर आहे. आज तिला तिथून उठवणं बरोबर नाही. पुन्हा यायचं झालं तर ती लग्नानंतरही कामाला जाणार, हे धरूनच या." आई म्हणाली, "मी रिसीव्हरजवळच कान देऊन उभी होते. मला वाटलं, दुसराच कुणीतरी बोलतोय."

मी त्यानंतर हेच काम करत राहिले. बोल्ट मागवायचे, त्यांच्या मागावर राहायचं. लुधियानाचा माल जूनमध्ये आला, तेव्हा गोदामातच प्रत्येक पेटी उघडून छाप बघितली आणि मगच साइटवर पाठवला. उरलेला जोड भरला, वर फळ्या बसल्या. जुलैत पूल वाहतुकीला खुला झाला. समारंभ वगैरे काही झाला नाही. एका रविवारी अण्णा म्हणाले, "चला, बघून येऊ." आईलाही घेतलं.

खाली पाणी चढलं होतं, तांबूस आणि भरभक्कम. उन्हाळ्यात जिथे माणसं बसली होती तो उतार आता दिसतही नव्हता. आम्ही मध्यावर, जोडापाशी थांबलो. समोरून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन आली आणि अनोळखी माणसं बघून थबकली.

"कुठलं पावणं?"

"इस्लामपूरचे," अण्णा म्हणाले.

"पूल बघाय आलायसा?"

तोवर कुणीही विचारलं की अण्णा सांगायचे, पोरगी ऑफिसात लिहायचं काम करते. मला वाटलं, आताही तेच सांगतील.

"माझ्या पोरीनं ह्या पुलाचे बोल्ट आणलेत," अण्णा म्हणाले. मग जोडावर हात ठेवून, "हे सगळे."

बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पाटी कठड्याला टेकवली आणि बोल्टांच्या रांगेवरून तळवा फिरवला, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"मंग च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाय," ती म्हणाली. "घर ह्ये पल्याड. हिराबाई म्हणत्यात मला. कुनीबी दावंल."

आई पाण्याकडे बघत होती. "नको बाई, आभाळ भरून आलंय. तिकडे गेल्यावर पाऊस लागला, पाणी वाढलं, तर अडकून पडू."

हिराबाई हसली. पाटी उचलून तिने पुन्हा डोक्यावर घेतली.

"कशानं अडकायचं आता?" ती म्हणाली, आणि आम्ही तिच्या मागून चालायला लागलो.